विधानसभेत प्रश्न लागला, तरी दवाखाना उघडला नाही. आता काय करावे?

प्रश्न विचारणाऱ्या ताई यवतमाळ जिल्ह्याच्या पेसा क्षेत्रातील, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालील आदिवासी भागातील, एका गावच्या उपसरपंच आहेत. गावात प्राथमिक आरोग्य केंद्राची नवी इमारत बांधून तीन वर्षे झाली, पण कुलूप काही निघाले नाही. बाळंतीण न्यायची म्हटले तर अजूनही तालुक्याचा रस्ता धरावा लागतो. आमदारांनी मागच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न, लावला. उत्तर आले, 'हे अंशतः खरे आहे. पदनिर्मितीबाबत कार्यवाही सुरू आहे.' पेपरात बातमी आली, लोकांनी आमदारांचे आभार मानले आणि विषय तिथेच थांबला. आता आमदार म्हणतात की निधीच नाही. ताई विचारतात, पुन्हा प्रश्न लावायला सांगण्यात काही अर्थ आहे का, की ही सगळी पेपरातली गोष्ट?

अर्थ आहे, ताई. मात्र मागच्या वेळी लावला तसाच प्रश्न पुन्हा लावला तर उत्तरही तसेच येईल.

मी बावीस वर्षे विदर्भातल्या दोन आमदारांकडे स्वीय सहायक होतो. दोघे दोन वेगळ्या पक्षांचे. एक बराच काळ विरोधी बाकावर होते, दुसरे बराच काळ सत्ताधारी बाकावर. त्या काळात किती प्रश्न लिहिले याची मोजदाद मी ठेवली नाही, पण एक गोष्ट पक्की कळली. विधानसभेतला प्रश्न पैसा आणत नाही. तो शासनाकडून लेखी कबुली आणतो. त्या कबुलीच्या जोरावर पुढे पैसा, पद, रस्ता, ट्रान्सफॉर्मर काय ते मिळवायचे असते, आणि ते काम सभागृहाबाहेर होते. आपल्याकडे प्रश्न लागला की काम झाले असे लोक धरून चालतात. खरे तर तिथून कामाला सुरुवात होते.

आधी एक गोष्ट तपासा. तुमचा प्रश्न यादीत होता हे ठीक, पण तो सभागृहात पुकारला गेला का? प्रश्नोत्तराचा तास एकच, आणि एखाद्या तापलेल्या प्रश्नावर उपप्रश्न सुरू झाले की त्या तासात मोजकेच प्रश्न होतात. गोंधळात तास वाया गेला तर तेवढेही होत नाहीत. बाकीच्यांची फक्त छापील उत्तरे उरतात. छापील उत्तर आणि पुकारलेला प्रश्न यांत मोठे अंतर आहे. पुकारलेल्या प्रश्नावर आमदाराला उभे राहून उपप्रश्न विचारता येतो, इतर सदस्यही विचारू शकतात, आणि मंत्र्याला तिथल्या तिथे काहीतरी कबूल करावे लागते. तुमच्या उत्तराची भाषा पाहता मला वाटते, तुमचा प्रश्न छापील यादीतच राहिला असावा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाजाचा वृत्तांत असतो, तिथे पाहता येईल. नाहीतर आमदारांच्या सहायकाला सरळ विचारा, 'प्रश्न पुकारला होता का? उपप्रश्न झाले का?' तो सांगेल.

आता उत्तराच्या भाषेकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे.

मंत्री सभागृहात जे उत्तर वाचतात ते मुंबईत तयार होते असा लोकांचा समज असतो. ते तयार होते तुमच्या तालुक्यात. विधानमंडळ सचिवालयातून प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे जातो. तिथला कक्ष अधिकारी तो जिल्हा परिषदेकडे पाठवतो, जिल्हा आरोग्य अधिकारी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, आणि तिथून तो येतो एखाद्या कनिष्ठ लिपिकाच्या टेबलावर. कागदाच्या माथ्यावर 'विधानसभा तारांकित प्रश्न, अति तातडीचे' असे लिहिलेले असते. त्याला एका दिवसात, कधी एका दुपारी, माहिती पाठवायची असते. तो कपाटातली फाइल काढतो, त्यात जे सापडेल ते लिहितो, आणि तेच वाक्य पायरी पायरीने वर चढत, जरा गुळगुळीत होत, मंत्र्यांच्या तोंडी येते. त्या फाइलमध्ये तुमचा ग्रामसभेचा ठराव नसेल, बाळंतिणीला वाटेत झालेल्या त्रासाचा अर्ज नसेल, तर मंत्र्यांच्या लेखी ते घडलेलेच नसते. म्हणून प्रश्न लागण्याच्या आधी तुमचा कागद त्या टेबलावर आवक क्रमांकासह पोचलेला हवा.

'हे अंशतः खरे आहे' या तीन-चार शब्दांनी माझी बरीच वर्षे घेतली. पहिल्यांदा हे उत्तर आले तेव्हा आम्ही खूश झालो होतो, चला, शासनाने मान्य तरी केले. मग एका जुन्या जाणत्या सहकाऱ्याने विचारले, 'कोणता अंश खरा?' मला सांगता आले नाही. आम्ही एकाच वाक्यात इमारत, कर्मचारी, पाणी आणि रुग्णवाहिका असे चार विषय कोंबले होते. उत्तर देणाऱ्याने त्यातला सर्वांत निरुपद्रवी अंश मान्य केला होता आणि बाकीचे तीन सोडून दिले होते. त्या दिवसापासून मी एका पोटप्रश्नात एकच गोष्ट विचारू लागलो.

दुसरे उत्तर 'हे खरे नाही.' हे यायचे तेव्हा लोक फार दुखावले जायचे. एकदा उन्हाळ्यात टँकरच्या प्रश्नावर हे उत्तर आले. आम्ही लिहिले होते, 'तालुक्यातील अनेक गावांत भीषण पाणीटंचाई असून टँकर बंद आहेत.' त्या आठवड्यात एका गावात एक टँकर सुरू होता, म्हणून 'टँकर बंद आहेत' हे खरे ठरले नाही. टँकर न आलेल्या एका गावचे वयस्क शेतकरी आमच्या कार्यालयात आले आणि हात जोडून म्हणाले, 'साहेब, आमी का खोटं बोलून रायलो का जी?' ते खोटे बोलत नव्हते. चूक माझी होती. 'अनेक', 'भीषण', 'सर्वत्र' हे शब्द लिहून मी उत्तर देणाऱ्याला नाकारायची सोय करून दिली होती. गावाचे नाव, वस्तीचे नाव, कोणत्या तारखेपासून टँकर आला नाही, एवढे लिहिले असते तर नाकारणे अवघड गेले असते. ते आजोबा माझ्या टेबलासमोर उभे होते तो क्षण मी विसरलेलो नाही.

तिसरे, 'प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्या पोटप्रश्नाचे उत्तर नाही असे आले की पुढचे सगळे आपोआप गळून पडतात, कारण आपण ते 'असल्यास' या शब्दाने सुरू केलेले असतात. म्हणून पहिला पोटप्रश्न असा हवा की त्याला नाही म्हणताच येऊ नये. 'इमारतीचे बांधकाम पूर्ण होऊन ती जिल्हा परिषदेच्या ताब्यात आली आहे, हे खरे आहे काय?' याला नाही म्हणायचे तर ताबा पावती फाडावी लागेल.

तुमच्या उत्तरातले 'कार्यवाही सुरू आहे' हे सर्वांत फसवे. विधिमंडळात आश्वासन समिती असते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली गेली की नाही हे ती तपासते, अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. पण समितीपुढे जायला आधी आश्वासन असावे लागते. 'पदे मंजूर करण्यात येतील' हे आश्वासन. 'अमुक महिन्यापर्यंत निर्णय घेतला जाईल' हे त्याहून चांगले. 'कार्यवाही सुरू आहे' यात कोणी काहीच कबूल केलेले नसते, सुरू असलेली कार्यवाही दहा वर्षेही सुरू राहू शकते. उपप्रश्नाचा खरा उपयोग इथे होतो. आमदाराने उभे राहून मोठे भाषण न करता एवढेच विचारावे, 'पदनिर्मितीचा प्रस्ताव आज कोणत्या विभागाकडे आहे आणि त्यावर कोणत्या तारखेपर्यंत निर्णय होईल?' अधिकारी दीर्घेत बसलेल्या अधिकाऱ्याकडून चिठ्ठी येईपर्यंत मंत्र्यांना एखादा महिना तरी सांगावा लागतो. तो महिना वृत्तांतात छापला जातो.

मंत्री कधी कधी म्हणतात, 'सन्माननीय सदस्यांसोबत माझ्या दालनात बैठक घेऊ.' हे चांगले लक्षण आहे, पण बैठकीचे इतिवृत्त हातात पडेपर्यंत ती झाली असे समजू नका. माझ्या आमदारांनी एका सिंचनाच्या विषयावर अशी उत्तम बैठक घेतली होती, सगळे सचिव हजर, चहापाणी झाले, निर्णय झाले. इतिवृत्त निघाले नाही. पुढच्या वर्षी सचिव बदलले आणि नव्या सचिवांनी विचारले, कोणती बैठक?

आता निधी नाही या वाक्याबद्दल. ते ऐकून तुम्ही परत आलात, याचे मला वाईट वाटले. निधी नाही म्हणजे कोणता निधी नाही, हे विचारायचे होते. आपल्याकडे आमदार म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे आमदार निधी येतो. तो राज्यात २०२२ पासून प्रत्येक आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. दीडशे-दोनशे गावांच्या मतदारसंघात तो किती पुरतो, हे तुम्हीच हिशोब करून पाहा. शिवाय त्यातून कायमस्वरूपी मालमत्तेची कामे होतात. डॉक्टरांचा, परिचारिकेचा पगार त्यातून होत नाही. म्हणून तुमच्या दवाखान्यासाठी आमदार निधी नाही असे ते म्हणाले असतील तर ते खरेच बोलले, फक्त अर्धे बोलले.

तुमच्या कुलपाला तीन चाव्या आहेत आणि त्या तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत.

पहिली चावी पदांची. इमारतीचा पैसा आणि माणसांच्या पगाराचा पैसा वेगळ्या लेखाशीर्षांतून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या वेगळ्या खात्यांतून, येतो. आरोग्य विभागाच्या बृहत आराखड्यात केंद्र मंजूर झाले, इमारत बांधली गेली, पण पदे मंजूर करायची तर प्रस्ताव वित्त विभागाकडे आणि मग उच्चस्तरीय सचिव समितीकडे जावा लागतो. तुमच्यासारख्या कुलूपबंद इमारती ग्रामीण विदर्भात मी बऱ्याच पाहिल्या. बहुतेक ठिकाणी बांधकाम विभागाने काम चोख केले होते आणि पदांची फाइल कोणीच हलवली नव्हती. मागच्या वेळी तुमचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांना विचारला गेला. त्यांनी कार्यवाही सुरू आहे असे सांगितले, आणि त्यांच्या बाजूने ते खरेही असेल, कारण प्रस्ताव त्यांच्या विभागातून पुढे गेला असेल. अडला असेल तो दुसऱ्याच मजल्यावर. म्हणून प्रस्तावाचा क्रमांक आणि दिनांक, वित्त विभागाने त्रुटी काढली असेल तर कोणती, हे आधी मिळवा. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आमदारांनी पत्र लिहून विचारले तर त्याआधीही मिळू शकते.

एक लक्षात ठेवा. तुमचे गाव आदिवासी क्षेत्रात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी लोकसंख्येचा निकष सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी, डोंगरी भागात २० हजार आहे; उपकेंद्रासाठी ५ हजार आणि ३ हजार. तुमच्या प्रस्तावात चुकून सपाट भागाचा निकष लावून त्रुटी काढलेली नाही ना, हे बघा. ऐकून नवल वाटेल, पण अशी चूक मी एका उपकेंद्राच्या फाइलमध्ये डोळ्यांनी पाहिली आहे. ती एका पत्राने दुरुस्त झाली. त्यासाठी विधानसभेची गरजच पडली नाही.

दुसरी चावी वीज आणि पाण्याची. तुम्ही लिहिले नाही, पण मला खात्री वाटते की इमारतीला वीजजोडणी नसेल किंवा जोडणी असून ट्रान्सफॉर्मर पुरत नसेल, आणि पाण्याची टाकी कोरडी असेल. पदे मंजूर झाली तरी रुजू झालेला डॉक्टर अशा इमारतीत थांबत नाही, आणि मग 'पदे भरली, तरी अधिकारी मुख्यालयी राहत नाहीत' हा वेगळाच प्रश्न तयार होतो. ही चावी जिल्ह्यातच आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि जिल्हा वार्षिक योजनेत सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी घटक असे वेगवेगळे निधी असतात. तुमच्या भागासाठी पांढरकवड्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पामार्फत आदिवासी घटक योजनेचा दरवाजा उघडा आहे. आराखडा पुढच्या वर्षासाठी हिवाळ्यातच बनू लागतो. एप्रिलमध्ये मागायला गेलात तर पुढच्या एप्रिलची वाट पाहावी लागेल. दुसरी बाब अशी की जिल्हा परिषदेला मिळालेला नियोजनाचा निधी खर्चायला दोन आर्थिक वर्षे मिळतात, राज्यस्तरीय यंत्रणांना एकच. म्हणून मार्चमध्ये निधी परत गेला असे कोणी सांगितले तर कोणाकडचा, हे विचारायला हरकत नाही.

तुमच्या ग्रामपंचायतीला पेसाचा, म्हणजे आदिवासी घटक योजनेतला ५ टक्के, अबंध निधीही थेट येतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. दवाखान्याच्या आवारात बोअर घेणे, टाकीपर्यंत पाइप टाकणे एवढ्या कामासाठी मुंबईकडे पाहण्याची गरज नाही. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो, त्यातूनही मार्ग निघू शकतो. हे मी अशासाठी सांगतो की तुमच्या हातातली चावी तुम्ही फिरवली असेल, तर शासनाला 'स्थानिक पातळीवर सुविधा अपुऱ्या' असे कारण देता येणार नाही.

तिसरी चावी रस्त्याची. दवाखाना गावाबाहेर असेल आणि पावसाळ्यात तिथपर्यंत १०८ ची गाडी पोचत नसेल, तर तो विषय आरोग्य विभागाचा नाही. ग्रामीण रस्ते ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली येतात, गावातल्या मूलभूत सुविधांसाठी ग्रामविकासचे २५१५ असते. हे आकडे पाठ करायचे नाहीत, पण तालुक्यात बोलताना 'पंचवीस पंधरातून मागणी केली होती' असे म्हटले की समोरचा माणूस तुमच्याशी जरा वेगळ्या पद्धतीने बोलू लागतो, हे मी शेकडो वेळा पाहिले. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात रस्त्याचे नाव आले म्हणून पेढे वाटू नका, पुढच्या रकान्यातली तरतूद वाचा. कोट्यवधीच्या कामापुढे लाखभर रुपयांची टोकन तरतूद असेल तर तो रस्ता अजून कागदावरच आहे.

आता वेळेबद्दल, कारण विदर्भातली माणसे इथे हमखास चुकतात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला घ्यायचे ठरले. त्यामुळे डिसेंबर आला की आपल्याकडे सगळे जागे होतात. आमदार निवासाबाहेर गर्दी, टेकडी रोडवर मोर्चे, हातात निवेदने. माझ्याकडे लोक यायचे ते अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, 'भाऊ, आमचा एवढा प्रश्न लावा.' पण तारांकित प्रश्नांची सूचना त्याच्या कितीतरी आधी द्यावी लागते. ती मुदत येते तेव्हा सोयाबीन काढणी चालू असते, कापूस वेचायला माणूस मिळत नसतो, दिवाळी तोंडावर असते. शेतकऱ्याला तेव्हा सवड नसते आणि सवड मिळते तेव्हा मुदत संपलेली असते. म्हणून हिवाळी अधिवेशनाचा प्रश्न पोळा झाला की लिहायला घ्या.

मुदत हुकलीच तर बाकीची हत्यारे असतात. लक्षवेधी सूचना अधिवेशन चालू असताना देता येते. तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर ती लागली तर मंत्र्यांना निवेदन करावे लागते आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. अनेक सूचनांतून थोड्याच लागतात, म्हणून एका इमारतीचा विषय लक्षवेधीत फारसा टिकत नाही. तालुक्यातल्या अशा सगळ्या बंद इमारतींची नावांसह यादी दिली तर टिकतो. औचित्याचा मुद्दा एक-दोन मिनिटांचा असतो, त्यावर उत्तर मिळण्याची खात्री नसते, पण विषय नोंदला जातो. पुरवणी मागण्यांवरचे, म्हणजे शासन वर्षाच्या मध्येच मागते त्या जादा खर्चावरचे, भाषण लोक कमी लेखतात. मला ते फार उपयोगी वाटते, कारण तिथे विषय थेट पैशांचा असतो. आमदाराने आरोग्य विभागाच्या मागणीवर बोलताना तुमच्या केंद्राचे नाव, प्रस्ताव क्रमांक आणि लागणारी रक्कम सांगितली, की उत्तराच्या भाषणात मंत्र्यांना त्याला स्पर्श करावा लागतो. केला नाही तर लेखी उत्तर मागता येते.

तुमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे असतील आणि मंत्र्यांना अडचणीत आणायला कचरत असतील, तर त्यांच्यावर रागावू नका. सत्ताधारी सदस्यही प्रश्न विचारतात, रोज विचारतात, आणि पुष्कळदा मंत्र्यांनाच तो प्रश्न हवा असतो, कारण वित्त विभागाला दाखवायला त्यांच्या हाती कागद येतो. हे त्यांना नीट समजावून सांगा. आमदार स्वतःच मंत्री झाले असतील तर मात्र त्यांना प्रश्न विचारता येत नाही. तेव्हा शेजारच्या मतदारसंघाचे आमदार विचारू शकतात. प्रश्नावर अनेक सदस्यांच्या सह्या असणे नेहमीचे आहे. विधान परिषदेचे सदस्यही आहेत. अमरावती विभागाचे शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचे प्रतिनिधी तुमचेही प्रतिनिधी आहेत. त्यांच्याकडे खेड्यातून फार कमी लोक जातात आणि गेले तर ते मनापासून ऐकतात, असा माझा अनुभव.

कोर्टाचा विचार मनात असेल तर एक सावधगिरी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने विदर्भाच्या कितीतरी प्रश्नांत शासनाला हलवले आहे, तो मार्ग मी कमी लेखत नाही. पण प्रकरण न्यायप्रविष्ट झाले की सभागृहात त्यावर प्रश्न विचारणे अवघड होते. आधी कोणता दरवाजा ठोठवायचा हे ठरवूनच पाऊल टाका.

अनुशेषाचे, म्हणजे विदर्भ विकासात किती मागे राहिला याचे, भाषण मात्र या प्रश्नात नको. हे मी जड मनाने सांगतो, कारण मी त्याच काळात घडलेला माणूस आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींचा मोजून दाखवला आणि त्यातला मोठा वाटा विदर्भाचा निघाला. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. हा विषय मोठा आहे आणि विदर्भाच्या ६२ आमदारांनी एकत्र उभे राहून मांडण्याचा आहे. एका दवाखान्याच्या प्रश्नात तो आणला की मंत्र्यांना विदर्भाच्या विकासाबाबत शासन कटिबद्ध आहे असे सांगून बसता येते, आणि तुमची इमारत त्या वाक्याखाली दबून जाते.

तुम्हाला सोपे जावे म्हणून प्रश्नाचा मसुदा इथेच देतो. रिकाम्या जागा तुम्ही भरायच्या.

'(१) यवतमाळ जिल्ह्यातील मौजे ____ येथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारतीचे बांधकाम पूर्ण होऊन ती दिनांक ____ रोजी जिल्हा परिषदेच्या ताब्यात देण्यात आली आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, उक्त केंद्रासाठी पदनिर्मितीचा प्रस्ताव दिनांक ____ रोजी शासनास सादर झाला असून तो अद्याप प्रलंबित आहे, हेही खरे आहे काय. (३) असल्यास, सदर प्रस्ताव सध्या कोणत्या विभागाकडे, कोणत्या दिनांकापासून व कोणत्या कारणास्तव प्रलंबित आहे. (४) नियमित पदे मंजूर होईपर्यंत लगतच्या केंद्रातील कर्मचारी प्रतिनियुक्तीने देऊन बाह्यरुग्ण सेवा सुरू करण्याबाबत शासनाने कोणता निर्णय घेतला वा घेण्यात येत आहे. (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

चौथा पोटप्रश्न मुद्दाम घातला आहे. पदनिर्मितीला वेळ लागेलच, पण प्रतिनियुक्तीवर आठवड्यातून काही दिवस डॉक्टर पाठवणे हे जिल्हा पातळीवर होऊ शकते, आणि त्याला नाही म्हणणे मंत्र्यांना सभागृहात जड जाते. एकदा कुलूप उघडून तिथे रुग्णनोंदणीची वही सुरू झाली की पदांच्या प्रस्तावासोबत रोजच्या रुग्णांचा आकडा जोडता येतो. मी पाहिलेल्या दोन केंद्रांत पदे याच वाटेने मिळाली.

मसुद्यासोबत तीन कागद लावा. ताबा पावतीची प्रत, ग्रामसभेचा ठराव, आणि गेल्या वर्षभरात गावातून तालुक्याला न्याव्या लागलेल्या बाळंतिणींची यादी. शेवटची यादी आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई मिळून करून देतील. त्यात नावे घालू नका, महिना, वस्ती आणि किती किलोमीटर जावे लागले एवढेच लिहा. तिन्हींची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन आवक शिक्का घ्या, आणि त्या शिक्क्याची झेरॉक्स आमदारांच्या सहायकाच्या हातात द्या. आमदारांच्या नव्हे, सहायकाच्या. प्रश्न तोच लिहितो, आणि उत्तर आले की पहिला फोन तुम्हाला तोच करेल.